वाचता वाचता विणायचं असेल, तर आधी हातातलं काम बदला

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "मला विणायला आवडतं आणि वाचायलाही. रात्री सगळं आवरल्यावर स्वतःचा असा जेमतेम एक तास मिळतो. दोन्ही एकदम करता येतं असं ऐकून करून बघितलं. डिझाइनचा स्वेटर हातात आणि कादंबरी मांडीवर. टाके सुटतात, नाहीतर तोच परिच्छेद तीनदा वाचला जातो. पुस्तक मिटतं ते वेगळंच. मला जमत नाही, की असं जमतच नसतं? आणि दुसरं, लोकर आणि पुस्तकं एकाच कपाटात ठेवते. पावसाळ्यात दोन्हींना कसर लागते. काय करू?"

जमतं. पण तुम्ही ज्या जोडीने करून बघितलं, त्या जोडीने कुणालाच जमणार नाही. डिझाइनला डोळे लागतात आणि छापील पुस्तकालाही डोळे लागतात. डोळे एकच जोडी, ती दोघांत वाटली की दोन्हीकडे उणं पडतं. तुमच्या वेगाचा किंवा एकाग्रतेचा यात काही दोष नाही. खरा प्रश्न एवढाच की, डोळे पुस्तकाला देऊन टाकले तर निव्वळ बोटांच्या स्पर्शावर चालेल असं विणकाम कोणतं, आणि हातांशिवाय उघडं राहील असं पुस्तक कसं ठेवायचं. हे दोन्ही सुटलं की बाकीचं आठ-पंधरा दिवसांच्या सवयीचं काम आहे.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत हे आधीच सांगते. विणकामातला सगळ्यात साधा असा सुलट टाका न अडखळता येत असेल, म्हणजे एक ओळ विणताना "आता दोरा कुठून घ्यायचा" असा विचार करावा लागत नसेल, तर लगेच सुरुवात करा. अजून विचार करावा लागत असेल, तर महिनाभर नुसतं विणा, पुस्तकाची घाई नको. तुम्ही घट्ट विणता की सैल, चष्मा जवळचा आहे का, हाताला घाम किती येतो, यानेही फरक पडतो. त्याचं त्या त्या जागी सांगते. आणखी एक: विणकामात आपण एका ओळीला "एक सुई" म्हणतो. पुस्तकातल्या ओळीशी गोंधळ नको, म्हणून खाली मीही तसंच म्हणणार आहे.

पहिलं काम म्हणून साधा मफलर घ्या, सगळ्या सुया सुलट. पुढूनही सुलट, मागूनही सुलट. या विणीला दोन्ही बाजूंनी आडवे उंचवटे येतात, कडा गुंडाळत नाहीत, आणि आता सुलट की उलट हा प्रश्न कधीच पडत नाही. एक सुई सुलट आणि एक सुई उलट अशी गुळगुळीत वीण दिसायला छान, पण सपाट विणताना तिच्या कडा वळतात. शिवाय बहुतेकांचा उलट टाका सुलटपेक्षा थोडा सैल किंवा थोडा घट्ट पडतो. न बघता विणताना हा फरक वाढतो आणि कापडावर पट्टे दिसू लागतात.

सुया ८ नंबरच्या घ्या. आपल्याकडच्या दुकानांत अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात आणि त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, ७ नंबर साडेचार, १० नंबर सव्वातीन. अमेरिकन नंबर याच्या बरोबर उलटे चालतात. त्यांची ८ नंबर सुई ५ मिलिमीटरची असते. इंटरनेटवरचा नमुना बघून सुई आणायची असेल तर नंबर सोडा, मिलिमीटर बघा. लोकर मध्यम जाडीची, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुईवर १० सेंटिमीटरमध्ये साधारण २० टाके बसतील अशी. मफलरसाठी ३६ टाके घाला, १८ सेंटिमीटरची रुंदी मिळेल. लांबी दीड मीटर हवी तर या विणीत १० सेंटिमीटरला सुमारे ४० सुया लागतात, म्हणजे एकूण ६००. लोकर २०० ग्रॅम आणा, थोडी उरेल.

३६ हा आकडा मी मुद्दाम सांगते आहे. न बघता विणताना मिनिटाला २०-२५ टाके होतात, म्हणजे एक सुई दीड मिनिटात संपते. मराठी कादंबरीचं मध्यम आकाराचं एक पान वाचायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. सुई संपली की काम उलटायला हात थांबतातच, त्याच वेळी पान उलटायचं. एक सुई, एक पान. हे जुळलं की वाचन तुटत नाही, आणि ६०० सुयांचा मफलर म्हणजे ३०० पानांची दोन पुस्तकं होतात. तुमच्या रोजच्या एका तासाने पंधरा-सोळा रात्रींचं काम. तुमचा वाचनाचा वेग जास्त असेल तर ३० टाके घाला, कमी असेल तर ४२. थोड्याफार फरकाने मफलरचं काही बिघडत नाही. तंतोतंत जुळवायच्या मागे मात्र लागू नका. पान आधी संपलं तर सुईच्या मधेही थांबता येतं.

आता लोकर कशी, यावर थोडं थांबते, कारण निम्मे टाके लोकरीमुळे सुटतात आणि दोष हातांना दिला जातो. बोटांना टाका कळायला हवा असेल तर धागा गोल, गुळगुळीत आणि चांगला पिळाचा हवा. सैल पिळाच्या धाग्यात सुईचं टोक धाग्याच्या मधून घुसतं, अर्धा धागा विणला जातो, अर्धा मागे राहतो, आणि ते पाच सुया झाल्यावर दिसतं. केसाळ लोकर, गाठी-गाठींची फॅन्सी लोकर, मखमलीसारखी मऊ लोकर या कामाला नको. तिच्यात उघड्या डोळ्यांनीसुद्धा टाका शोधावा लागतो. रंग फिका किंवा मध्यम असू द्या. काळा, गडद निळा, गडद मरून हे रात्रीच्या दिव्यात चूक लपवतात.

मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर लोकरीचा मफलर घालणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. सुती दोऱ्यात विणता येतं, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. सूत लोकरीसारखं ताणलं जात नाही, त्यामुळे बोटं लवकर दुखतात. आणि सुटलेला टाका लोकरीत जागच्या जागी थबकतो, तसा सुतात थबकत नाही, झरझर खाली उतरतो. म्हणून पहिलं काम लोकरीचं किंवा लोकर-ॲक्रिलिक मिश्र धाग्याचं करा. नाशिक-पुण्याच्या थंडीला किंवा परदेशातल्या कुणाला तो मफलर उपयोगी पडेल. हात बसला की सुती दोऱ्यात भांडी पुसायचे चौकोन, बाळाची दुपटी, टेबलावरची आसनं असं काहीही करा.

सुया बांबूच्या किंवा लाकडाच्या बऱ्या. धातूच्या सुईवरून टाके पटकन घसरतात, वेगाने विणणाऱ्यांना ते आवडतं, पण न बघता विणताना थोडी पकड हवी असते. टोक फार अणकुचीदार नको. डाव्या हाताच्या तर्जनीने येणारं टोक चाचपायचं असतं, ते तासभर टोचत राहिलं तर बोट हुळहुळं होतं. घामट हवेत ॲक्रिलिक लोकर सुईला चिकटते आणि करकर वाजते. जवळ कोरडं फडकं ठेवा, दर दहा-पंधरा सुयांनी हात आणि सुया पुसा. लांब सरळ सुयांऐवजी ८० सेंटिमीटरची गोल सुई, म्हणजे मधे लवचीक वायर असलेली, वापरून बघा. गोल सुईवर सपाट कापडही विणता येतं, फक्त प्रत्येक सुईअखेर काम उलटायचं. सरळ सुईचं मागचं टोक पुस्तकाला आणि खुर्चीच्या हाताला आपटतं, आणि मफलर वाढला की त्याचं वजन मनगटावर येतं. गोल सुईत वजन मांडीवर राहतं, आणि झोप लागून काम खाली पडलं तरी टाके वायरवर सरकवलेले असतील तर सुटत नाहीत.

यात एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. उजवी सुई काखेत धरून विणायची सवय असेल तर लांब सरळ सुयाच ठेवा. सुई काखेत अडकवली की उजवा हात पूर्ण मोकळा होतो, टोक हलत नाही, आणि न बघता विणायला यापेक्षा सोयीची पद्धत नाही. हल्ली सगळीकडे सल्ला दिला जातो की दोरा डाव्या हातात धरायला शिका, त्यात बोटांची हालचाल कमी होते. हालचाल कमी होते हे खरं आहे. पण वीस वर्षांची हाताची सवय मोडून नवी लावायची आणि त्याच वेळी वाचायचं, हे दोन्ही साधणार नाही. जी पद्धत हाताला बसली आहे तीच ठेवा.

आता हात कसे चालवायचे. डाव्या सुईवरचे पुढचे चार-पाच टाके टोकापासून साधारण दोन सेंटिमीटरच्या आत ठेवा. अगदी टोकाशी गर्दी केली तर शेजारचा टाका उडी मारतो. फार मागे ठेवले तर प्रत्येक टाका ओढून आणावा लागतो आणि मग डोळे आपोआप खाली जातात. डाव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट टाके पुढे ढकलत राहतात, तर्जनी पुढच्या टाक्यावर टेकलेली असते. उजव्या हाताची तर्जनी नुकत्याच विणलेल्या टाक्यावर हलकी ठेवा, म्हणजे तो परत घसरणार नाही. दोन तर्जन्या दोन्ही टोकांवर असल्या की बोटांना कळतं: टाका आला, टाका गेला. विणायला सुरुवात करण्याआधी हातभर लोकर गुंड्यातून मोकळी करून घ्या. गुंडा कापडी पिशवीत पायाशी ठेवा आणि धागा शक्यतो गुंड्याच्या आतून काढा. जमिनीवर पळणारा गुंडा जितकं लक्ष विचलित करतो तितकं दुसरं काही करत नाही.

सराव पुस्तकाशिवाय सुरू करा. पहिल्या दिवशी चार सुया बघून, मग एक सुई समोरच्या भिंतीकडे बघत. डोळे मिटू नका. मिटले की माणूस हातांवर जास्त ताण देतो आणि टाके आवळतात. प्रत्येक सुईनंतर टाके मोजा. ३६ आले तर पुढची सुई. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बातम्या ऐकत किंवा कुणाशी बोलत विणा. पाच सुया सलग बरोबर आल्या की पुस्तक उघडा, आणि ते आधी वाचलेलं असू द्या. एखादं वाक्य निसटलं तरी गोष्ट हातातून जात नाही.

मोजताना आकडा चुकला तर तो काय सांगतो ते बघा. ३७ आले तर बहुधा कड चुकली आहे. काम उलटल्यावर धागा पहिल्या टाक्याच्या पुढे लोंबत असतो. तो सुईच्या खालून मागे न्यायचा. वरून मागे ओढला तर पहिला टाका वर ताणला जातो, त्याचे दोन्ही पाय सुईवर येतात, ते दोन टाक्यांसारखे दिसतात आणि दोन म्हणूनच विणले जातात. सगळ्या सुया सुलट विणताना मफलर एका कडेने पसरत जातो त्याचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं. सुईच्या मधे भोक पडून टाका वाढला असेल, तर धागा चुकून सुईवरून फिरला आहे. ३५ आले तर दोन टाके एकत्र विणले गेलेत किंवा एक सुटलाय. दोन एकत्र गेले असतील तर तिथे जाड गाठीसारखं लागतं, सुटला असेल तर बोटाला सैल फट लागते. टाके वारंवार एकत्र जात असतील तर तुम्ही घट्ट विणता. सुई अर्धा मिलिमीटर जाड घ्या, ८ नंबरऐवजी ७ नंबर. घट्ट टाक्यात न बघता सुई घालणं फार कठीण असतं.

फट लागली की पुस्तक तिथल्या तिथे पालथं न घालता खूण ठेवून बाजूला करा आणि कामाकडे बघा. "ही सुई संपवून बघू" म्हणू नका, तेवढ्यात टाका आणखी उतरतो. जवळ एक क्रोशाची सुई हवीच, साधारण साडेतीन ते ४ मिलिमीटरची. सुटलेल्या टाक्याच्या वर शिडीसारखे आडवे दोरे दिसतील. हूक टाक्यात पुढून मागे घाला, टाक्याच्या मागचा सर्वांत खालचा दोरा पकडा आणि टाक्यातून पुढे ओढा. गुळगुळीत विणीत असंच वरपर्यंत करत जायचं. आपल्या मफलरच्या विणीत मात्र एक पायरी पुढून आणि एक मागून विणलेली असते. म्हणून प्रत्येक पायरीनंतर काम उलटून दुसऱ्या बाजूने हूक घाला. हे विसरलात तर तेवढ्या जागी उंचवट्यांऐवजी एक सपाट पट्टी उभी राहते आणि ती मफलरभर डोळ्यात खुपते.

त्यावर आणखी एक उपाय म्हणजे जीवनदोरी. दर २० सुयांनी, म्हणजे १० उंचवट्यांनी, बोथट सुईत गुळगुळीत सुती दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून आरपार घाला आणि दोन्ही टोकं हातभर मोकळी सोडा. पुढे मोठा घोळ झाला तर सुई बाहेर काढून बिनधास्त उसवा, उसवण दोऱ्याशी थांबेल. दोरा पक्क्या रंगाचा किंवा पांढरा असू द्या. ओल्या हाताने लाल दोऱ्याचा रंग फिक्या लोकरीला लागतो. जीवनदोरी घातली की मोजायचंही सोपं होतं. दोन सुयांचा एक उंचवटा, त्यामुळे नंतर कधीही उंचवटे मोजून दुप्पट केले की किती सुया झाल्या ते कळतं.

गुंडा मधेच संपतो ही वाचणाऱ्यांची खास अडचण. एका सुईला मफलरच्या रुंदीच्या तीन-सव्वातीन पट धागा लागतो. चौपट शिल्लक नसेल तर ती सुई सुरूच करू नका. कडेलाच नवा गुंडा जोडा आणि दोन्ही शेवट १५ सेंटिमीटर सोडा. हे पुस्तक उघडायच्या आधी तपासून ठेवलेलं बरं.

आता पुस्तक. ते उघडं राहील की नाही हे बांधणीवर ठरतं. पानांचे जुजे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, दोऱ्याने शिवून बांधलेलं पुस्तक टेबलावर आपसूक पसरतं. नुसत्या गोंदाने चिकटवलेलं पेपरबॅक मिटू बघतं, आणि जोर देऊन दाबलं तर कण्यात भेग पडून पानं सुटतात. वाचनालयाची जुनी पुस्तकं बहुधा कडेने आडवी शिवून पुन्हा बांधलेली असतात. ती कधीच सपाट होत नाहीत आणि ती तुमची नाहीत, म्हणून त्यांना जोर लावूच नका. ती हातात धरून, विणकाम बाजूला ठेवून वाचा. दिवाळी अंक मोठा आणि गुळगुळीत कागदाचा असल्याने पसरतो चांगला, पण दोन स्तंभांचा मजकूर वरखाली वाचताना डोळ्यांची जागा हरवते. त्यापेक्षा एका स्तंभाचं, मोठ्या टायपाचं पुस्तक बरं. जुन्या पोथीच्या सुट्या पानांना ही अडचण कधीच आली नसेल. पान वाचलं, उलटलं, समोर ठेवलं.

नवं पेपरबॅक आणलं की आधी त्याचा कणा मोकळा करा. टेबलावर उभं धरून पुढची पाच-सात पानं उघडून शिवणीशी बोट फिरवा, मग मागची पाच-सात, असं आलटून पालटून मध्यापर्यंत या. मग वजनपट्टी शिवा: २५ सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर रुंद कापडी नळी, मधे एक शिवण मारून दोन भाग, दोन्हींत मिळून दीडशे-दोनशे ग्रॅम तांदूळ किंवा धुऊन वाळवलेली वाळू. ती दोन्ही पानांवर आडवी टाकली की पुस्तक उघडं राहतं, आणि पान उलटताना एका हाताने उचलता येते. तांदूळ घातलात तर पावसाळ्यापूर्वी काढून बदला, पोरकिडे होतात. कपड्यांचे चिमटे किंवा रबर लावू नका, कागदाला कायमचा वळ पडतो.

पुस्तक मांडीवर ठेवायचं नाही, तिथे विणकाम असतं. छातीसमोर टेबल किंवा उंच पाट घ्या, त्यावर पोथीसाठी वापरतात तो उघडमीट होणारा लाकडी स्टँड, आणि पुस्तक डोळ्यांपासून ४० ते ४५ सेंटिमीटरवर थोडं तिरकं. मान खाली घालून तासभर वाचलं की दुखणं मानेत सुरू होतं आणि खांद्यातून विणणाऱ्या हातापर्यंत येतं. कोपरांखाली उशा घ्या. दर अर्ध्या तासाने सुया ठेवून मुठी उघडा-मिटा, मनगटं फिरवा. बोटांना मुंग्या येत असतील तर विणणं थांबवा, आणि दोन-चार दिवसांत जात नसतील तर डॉक्टरांना दाखवा. दिवा पुस्तकावर पडेल असा ठेवा, हातांना उजेडाची गरज नाही. जवळचा चष्मा असेल तर पुस्तकाचं अंतर चष्म्यानुसार ठरवा.

मोबाइल, टॅब किंवा ई-रीडरवर वाचत असाल तर पान धरायचा प्रश्न उरत नाही. स्क्रीन बंद होण्याची वेळ दहा मिनिटांवर न्या आणि अक्षरं एवढी मोठी करा की एका सुईत एक स्क्रीन संपेल. पान बोटाच्या पेराने उलटा, सुई हातातून सोडावी लागत नाही.

काय वाचायचं, यावर माझं मत ठाम आहे. प्रवासवर्णनं, आत्मचरित्रं, पत्रं, संथ गतीच्या मोठ्या कादंबऱ्या, आवडलेल्या पुस्तकाचं दुसरं-तिसरं वाचन हे सगळं सुयांबरोबर सुंदर चालतं. तळटीपा, नकाशे, वंशावळी असलेली पुस्तकं नकोत, मागेपुढे चाळावं लागतं. कविता तर विणताना वाचूच नका. कवितेत ओळीनंतर थांबायचं असतं, आणि सुयांची लय त्या थांबण्यावरून सरळ पुढे निघून जाते. कवितेला रिकामे हात द्या. रहस्यकथेचं तसं नाही. वाचता येते, पण शेवटच्या पन्नास पानांत मुठी आवळतात आणि टाके घट्ट होतात. तेवढ्यापुरतं विणकाम बाजूला ठेवा.

यातूनच तुमच्या स्वेटरचं उत्तर मिळतं. वाचताना माणसाची वीण बदलते, कुणाची सैल होते, कुणाची आवळते. मफलरमध्ये ते खपतं. स्वेटरची पुढची आणि मागची बाजू मात्र सारख्या मापाची यावी लागते. निम्मी वाचत विणली आणि निम्मी बघत, तर खांदे जुळवताना दोन-तीन सेंटिमीटरचा फरक निघतो. शिवाय डिझाइनमध्ये वेण्या किंवा जाळी असेल तर प्रत्येक सुई वेगळी. त्यामुळे स्वेटरसाठी कानाने वाचा. मराठीत आता श्राव्यपुस्तकं पुष्कळ मिळतात. डोळे विणकामाकडे, कान गोष्टीकडे. डिझाइनची ज्या सुईवर मोजदाद असते तेवढी सुई आवाज थांबवून करा. आकडे मोजणं आणि शब्द ऐकणं एकमेकांना फार अडवतं.

मफलरनंतर काय, तर टोपी. मोठ्या माणसाचं डोकं ५५ सेंटिमीटरच्या आसपास असतं, टोपी त्याहून थोडी लहान, ५० सेंटिमीटरची. त्याच जाडीच्या लोकरीत ४० सेंटिमीटरच्या गोल सुईवर १०० टाके घाला आणि गोल जोडा. जोडताना टाक्यांना पीळ पडलेला नाही हे नीट बघा, एकदा विणल्यावर तो पीळ निघत नाही. पाच सेंटिमीटर २ सुलट २ उलट अशी पट्टी, ही बघून. पुढे ११ सेंटिमीटर सगळं सुलट गोल गोल. हा भाग जवळपास ३१ फेऱ्यांचा, तीन हजारांवर टाके, आणि त्यात एकदाही खाली बघायला लागत नाही. ही दोन-अडीच तासांची निखळ वाचनाची मेजवानी आहे. माथ्याकडे घटवताना पुन्हा बघा: ८ टाके सुलट, २ एकत्र, असं फेरीभर, म्हणजे १० टाके कमी होतात. पुढची फेरी साधी. मग ७ सुलट २ एकत्र, पुन्हा साधी, असं करत १० टाके उरेपर्यंत. घटलेले टाके ४० सेंटिमीटरच्या सुईवर ताणले जाऊ लागले की दोन्हीकडे टोक असलेल्या लहान सुयांच्या संचावर घ्या. शेवटी धागा १० टाक्यांतून ओवून आवळा.

म्हणजे एकाच कामात वाचायचा भाग आणि बघायचा भाग वेगळे करता येतात. कुठलाही नमुना हातात घेतला की आधी ही वाटणी करा. उत्साहाची रात्र असेल तेव्हा बघायचा भाग, दमलेली रात्र असेल तेव्हा वाचायचा. आणि कधी नुसतंच वाचा, कधी नुसतंच विणा. तो तास तुमचा आहे, दोन्हींचा हिशेब दर रात्री द्यायचा नाही.

आता कसर. आपण एकाच शब्दात दोन वेगळे किडे धरतो. लोकर खाते ती एका बारीक पतंगाची अळी. तिला खरी लोकर हवी असते, आणि घाम किंवा अन्नाचा डाग असला तर अधिक. पुस्तकं कुरतडते ती रुपेरी, सळसळत पळणारी कसर. तिला खळ, गोंद, कागद आणि ओल हवी असते. म्हणून लोकर आणि पुस्तकं एका कपाटात ठेवायला हरकत नाही, पण उपाय दोन करावे लागतात. लोकर स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा, दोन-तीन तास ऊन द्या, झटका आणि हवाबंद पिशवीत ठेवा. अळीचा संशय असेल तर पिशवी हवाबंद करून फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा आणि बाहेर काढल्यावर सामान्य तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. पुस्तकांना मात्र कडक ऊन देऊ नका, कागद पिवळा पडतो आणि गोंद तडकतो. ती बाहेरच्या ओल्या भिंतीपासून दूर, जरा सैल लावा आणि पावसाने उघडीप दिली की कपाट उघडून पंख्याखाली वारा द्या. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला ठेवा, ओल्याने डाग पडतात, आणि तेवढ्यावर विसंबू नका. डांबरगोळ्या बाळाच्या लोकरीत किंवा कपड्यांत अजिबात नकोत. काही बाळांच्या रक्तात जन्मतः जी६पीडी नावाच्या विकराची कमतरता असते आणि त्यांना या गोळ्यांच्या वासानेसुद्धा गंभीर त्रास होऊ शकतो.

आज रात्री एवढंच करा: स्वेटरची चालू सुई संपवा, त्यात जीवनदोरी घाला, नमुन्याची कितवी सुई झाली ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी स्वेटरलाच सेफ्टी पिनने लावा आणि तो पिशवीत ठेवून द्या. मग ३६ टाके घाला आणि चार सुया बघून विणा. पुस्तकातली खूण कागदाच्या पातळ पट्टीची ठेवा. विणलेली जाड पट्टी खूण म्हणून गोड दिसते, पण तिने कणा फाकतो.